एकीलाच सोडता येईल

"वहिनी! ए वहिनी! काढली गं, काढून टाकली!"

बायकांच्या सर्जरी वॉर्डात थोरली सिस्टर एका बाईच्या पोटावरची पट्टी बदलत होती. दारातून हाक आली तरी तिने मान वर केली नाही. बाकीच्या खाटांवरच्या सगळ्या माना मात्र दाराकडे वळल्या. दारात धाकटी सिस्टर उभी होती. पलीकडच्या इमारतीतून ती धावतच आली असावी. दम लागलेला, केसांची पिन सुटलेली, आणि मोबाइल धरलेला हात मशाल धरावी तसा वर.

"काय काढलं? कुणाचं?" थोरलीने टाक्यांवरची नजर न हलवता विचारलं. "आणि हळू बोल. माणसं आजारी आहेत इथे."

"वयाची अट! पदव्युत्तर नर्सिंगची! या वर्षीपासून वयाची अटच नाही. आत्ता, आत्ता आलंय कॉलेजच्या साइटवर."

थोरलीच्या हातातला चिमटा क्षणभर हवेत थांबला. मग तो पुन्हा कामाला लागला. तिने पट्टी चिकटवली, कडा बोटाने दाबून घेतल्या, "झालं हं, लगेच कुशीवर वळू नका," असं त्या बाईला सांगितलं, हातमोजे काढले, हात स्वच्छ धुतले. एवढं सगळं झाल्यावर तिने धाकटीला मनगटाला धरून औषधांच्या खोलीत ओढलं आणि दार लोटून घेतलं.

"पुन्हा वाच. सावकाश. आणि थट्टा असेल तर आत्ताच सांग, नाहीतर उगाच छातीत धडधड नको."

"थट्टा कसली! ऐक. नर्सिंगची पदवी; थेट केलेली किंवा डिप्लोमानंतर केलेली, दोन्ही चालेल."

"आहे."

"नर्सिंग परिषदेकडची नोंदणी, चालू असलेली."

"आहे."

"पदवीनंतर किमान एक वर्ष रुग्णसेवेचा प्रत्यक्ष अनुभव."

थोरलीला हसू फुटलं. "एक वर्ष? अगं, माझ्या अनुभवाला आता मिसरूड फुटलं असेल!"

"वरिष्ठांची दोन शिफारसपत्रं. हा अभ्यासक्रम का करायचाय, त्यावर स्वतःच्या शब्दांत एक पान. प्रवेश परीक्षा. मुलाखत. प्रकृती ठणठणीत असल्याचा दाखला. आणि नोकरीत असाल तर संस्थेची ना हरकत."

"आणि वय?"

"वयाची ओळच नाही गं! मी वरून खाली शोधली, खालून वर शोधली. नाहीच!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग एकदम इतक्या जोरात हसल्या, की फडताळातल्या बाटल्या किणकिणल्या. बाहेरून एक मावशी ओरडल्या, "काय हो सिस्टर, कुणाचं लग्न ठरलं की काय?"

धाकटीने दारातून डोकं बाहेर काढलं. "नाही हो मावशी! आमच्या वहिनीचं कॉलेज ठरतंय!"

या दोघी नणंद-भावजय. एका छपराखाली गुण्यागोविंदाने राहतात हेच शेजाऱ्यापाजाऱ्यांना नवल वाटायचं, त्यात आणखी दोघी एकाच हॉस्पिटलात. थोरली लग्न होऊन घरात आली तेव्हा धाकटी शाळेत होती. वहिनी कामावरून आली की ही तिचं घड्याळ पिनेने स्वतःच्या फ्रॉकला लावायची आणि घरातल्या सगळ्यांच्या नाड्या मोजत फिरायची. पुढे ती खरोखरच नर्स झाली. थोरलीने डिप्लोमा केलेला. नोकरी, संसार, मुलगा, सासऱ्यांचं आजारपण यातून वाट काढत तिने पदवीही केली, पण ती हातात पडेपर्यंत पुढच्या शिक्षणाची वयोमर्यादा उलटून गेली होती. "राहिलं," एवढंच ती म्हणाली होती, आणि त्यानंतर तो विषय तिने कधी काढला नव्हता. धाकटीने मात्र तो मनात ठेवला होता. स्वतःलाही कधीतरी अर्ज करायचा म्हणून ती दर वर्षी ती जाहिरात बघायची, आणि दर वर्षी वयाच्या ओळीवर तिचं बोट थोडं थबकायचं. या वर्षी तिनेही अर्ज भरायचं ठरवलं होतं.

आनंदाच्या भरात एक गोष्ट दोघींच्याही लक्षात आली नव्हती. ती मेट्रनच्या खोलीत लक्षात आली.

मेट्रनबाई कडक होत्या, पण मनाने सरळ होत्या. दोघींचे अर्ज त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचले.

"दोन्ही शिफारशी मी आनंदाने लिहीन," त्या म्हणाल्या. "हातचं काही राखून ठेवणार नाही. पण अभ्यासरजा वर्षाला एकच. दोन वर्षं एकीला सोडायचं म्हणजे इथे मला कुणाकुणाच्या पाळ्या ओढाव्या लागतात, तुम्हाला माहितीय. एकीलाच सोडता येईल."

धाकटीने थोरलीकडे बघितलं. थोरलीने खिडकीबाहेर.

"मग मॅडम, हिलाच..." दोघी एकाच वेळी म्हणाल्या.

मेट्रनबाईंनी टेबलावर तळहात आपटला. "हे बघा, पहले आप, पहले आप माझ्या खोलीत नको. प्रवेश परीक्षा द्या, मुलाखत द्या. यादीत जिचं नाव वर, तिला मी सोडते. हा न्याय मला जमतो. नात्यागोत्याचं तुमचं तुम्ही घरी मिटवा."

घरी काही मिटेना. जेवताना एरवी दोघी वॉर्डातल्या गमती सांगायच्या, त्या रात्री भांड्यांचाच आवाज. थोरलीचा नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. एका बाजूला बायको आणि दुसऱ्या बाजूला बहीण बघून तो शेवटी म्हणाला, "आयुष्यभर दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्यांना बाहेर काढलं. आज मीच अडकलोय. कुणीतरी बटण दाबा रे."

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं. त्या एकीची आई आणि एकीची सासू. वयाने थकल्या होत्या, पण आवाज खणखणीत.

"दोघी बसा परीक्षेला. एक सांगून ठेवते. दुसरीसाठी म्हणून कुणी मुद्दाम कमी मार्क पाडले, तर गाठ माझ्याशी आहे. मला कळतं. एक माझ्या पोटची आहे, आणि दुसरीचं पोटातलं मला पोटच्यापेक्षा जास्त कळतं."

"आई, पण तुम्हाला काय वाटतं? कोणी जावं?" थोरलीने विचारलं.

"मला वाटतं, आधी भात वाढावा. गार होतोय."

दुसऱ्या दिवसापासून घराचं कॉलेज झालं. पहाटे स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुस्तकं, संध्याकाळी गच्चीवर पुस्तकं. भाजी चिरता चिरता एक प्रश्न विचारायची, दुसरी कणीक मळता मळता उत्तर द्यायची. शरीरशास्त्र, औषधशास्त्र, बाळंतपण, संसर्ग हे सगळं थोरलीला सोपं गेलं. ती अडली संख्याशास्त्रावर. शाळा सुटल्यापासून आकड्यांशी तिचं फारसं बोलणं नव्हतं.

"सरासरी कळते मला. हा मध्यक कशाला आणलाय मध्येच?"

धाकटीने पेन्सिल कानामागे खोचली. ती एक जन्मजात मास्तरीण होती. "हे बघ. तुझ्या वॉर्डातल्या बायका किती दिवस राहतात? बहुतेक जणी चार-पाच दिवस. आणि एकच बाई समज, जखम चिघळली म्हणून दोन महिने मुक्काम ठोकून बसली. सरासरी काढलीस तर ती एकटी सगळ्यांना आपल्याकडे ओढून नेते. म्हणून सगळ्यांना रांगेत उभं करायचं आणि मधलीला विचारायचं."

थोरलीने थोडा विचार केला. "म्हणजे या घरात बोलण्याची सरासरी काढायची असेल, तर आईंना धरायचं नाही."

"ऐकू येतंय मला!" आतून आवाज आला.

दोघी टेबलावर डोकं टेकून हसल्या. हसता हसता थोरलीच्या मनात आलं, ही मला शिकवतेय, आणि जितकं नीट शिकवेल तितकी स्वतःच्याच वाटेवर दगड ठेवेल. तिने तसं बोलूनही दाखवलं.

"मग काय, चुकीचं शिकवू?" धाकटी म्हणाली. "चल, पुढचं गणित."

ते एक पान लिहायला मात्र थोरलीला सगळ्यात जास्त वेळ लागला. नवऱ्याने सुचवलं, "लिही, लहानपणापासून मला सेवेची आवड होती."

"लहानपणी मला रक्त बघून चक्कर यायची."

"मग लिही, समाजाचं ऋण..."

"अहो, तुम्ही चहा प्या."

मुलगा दूरच्या गावी नोकरीला होता. त्याने फोनवर सांगितलं, "आई, काहीही लिही, पण तिकडे परगावी वसतिगृहात मुलींनी त्रास दिला तर मला कळव. मी बघतो एकेकीला." तेव्हाही ती हसली, आणि फोन ठेवल्यावर पुन्हा कोऱ्या पानासमोर बसली. मग तिने एकदम लिहायला सुरुवात केली, आणि लिहिलेलं धाकटीला वाचून दाखवलं:

"मी नोकरीला लागले तेव्हा आम्ही जखम कोरडी ठेवायचो. आता ओलसर ठेवतो. एक दिवस परिपत्रक आलं आणि आम्ही पद्धत बदलली. जखमा लवकर भरू लागल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण मधल्या काळात कुणाच्या तरी मनात आलं असेल की कोरडीच का? ते तिने कसं तपासलं असेल, कुणाला विचारलं असेल, किती जणांनी तिला वेड्यात काढलं असेल? नवीन मुली मला विचारतात, सिस्टर, असं का करायचं? मी म्हणते, असंच करतात. हे उत्तर देऊन मी थकले आहे. मला विचारायचं कसं, ते शिकायचं आहे."

धाकटीने ते पान हातात घेतलं, एका ठिकाणचं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि परत दिलं. मग उठून गच्चीवर गेली. तिचं स्वतःचं पान आधीच लिहून झालं होतं. त्या संध्याकाळी तिने ते फाडलं आणि नव्याने लिहिलं.

परीक्षेच्या दिवशी सगळं घर पहाटे उठलं. नवऱ्याने दोघींना केंद्रावर सोडलं आणि दोघींच्या डोक्यावर एकेक टपली मारली. हॉलमध्ये थोरलीसारखी पिकल्या केसांची आणखी एक-दोनच होती. बाकी सगळ्या कोवळ्या, हातात पारदर्शक पाऊच, ओठांवर पाठांतर. "काकू, पालकांनी बाहेर थांबायचं आहे," दारावरचा माणूस म्हणाला. थोरलीने ओळखपत्र त्याच्या नाकासमोर धरलं. तो ओशाळला. मग त्यानेच तिची जागा शोधून दिली.

धाकटी दोन रांगा पुढे बसली होती. तिची वाकलेली पाठ थोरलीला दिसत होती. पेपर बरा होता. संख्याशास्त्राचा भाग आला आणि पहिलाच प्रश्न मध्यकावरचा. थोरलीचं पेन थांबलं. हा सोडला तर? असे चार-पाच सोडले तर? कुणाला कळणार होतं? सासूबाईंना कळलं असतं म्हणा. पण तेवढ्यापुरतं नव्हतं. उत्तर डोळ्यांसमोर उभं होतं, रांग लावून. येत असलेलं उत्तर कोरं सोडायला तिचा हातच तयार होईना. तिने ते लिहिलं. मग पुढचं लिहिलं. मग तिला धाकटीची पाठ दिसलीच नाही, घंटा झाली तेव्हाच ती भानावर आली, आणि बोटं आखडली होती तरी तिला धावत सुटावंसं वाटत होतं.

मुलाखतीत समोर तिघं होती. त्यातल्या एक बाई तिच्याहून लहान असाव्यात.

"तुमच्या वर्गातल्या मुली तुमच्या मुलाच्या वयाच्या असतील. चालेल तुम्हाला?"

"मला चालेल. त्यांना विचारून बघा."

तिघं हसली. मग त्या बाईंनी संशोधनपद्धतीबद्दल काहीतरी विचारलं, इतकं अवघड की थोरलीला प्रश्नच पुरता कळला नाही. ती म्हणाली, "हे मला येत नाही. हे शिकायलाच यायचंय." बाहेर आल्यावर ती धाकटीला म्हणाली, "गेलं माझं. तुझं झालंच समज." धाकटीची मुलाखत छान झाली होती. दोघींनी कोपऱ्यावर उभ्या उभ्या चहा प्यायला आणि घरी येईपर्यंत प्रत्येक प्रश्नाची पुन्हा उजळणी केली.

यादी लागली त्या दिवशी दोघी कामावर होत्या. थोरली नुकत्याच शुद्धीवर आलेल्या एका मुलीशी बोलत होती, "डोळे उघड बाळा, झालं ऑपरेशन." तेवढ्यात दारात धाकटी आली. या वेळी ती चालत आली. चेहरा पांढरा होता. दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून तिने अख्ख्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमची थोरली आली! यादीत आली!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना टाके होते त्यांनी खाटेवर हात आपटले. एकीने टाके ताणू नयेत म्हणून उशी पोटाशी धरली आणि हसली. मेट्रनबाई कधी नव्हे त्या वॉर्डात आल्या आणि थोरलीचा हात हातात घेऊन उभ्या राहिल्या. थोरली रडत होती, हसत होती, आणि नजरेने धाकटीला शोधत होती. धाकटी कुठेच नव्हती.

ती सापडली मागच्या धुण्याच्या खोलीत. धुतलेली भांडी पुन्हा धुवत होती.

"तुझंही नाव आहे," थोरली म्हणाली. मेट्रनबाईंनी तिला यादी दाखवली होती. "माझ्याखाली तीन-चारच नावं सोडून."

"हो. माझंही आहे." पाण्याचा नळ मोठा झाला.

"मी नाही जात. तू जा. माझं हे वय झालं, तुझ्यापुढे..."

नळ फटकन बंद झाला. धाकटी वळली. "खबरदार! तुझी सोडलेली जागा मला नको. त्या वर्गात बसून रोज काय आठवू मी? वहिनीने दया केली म्हणून आले?"

"दया नाही गं..."

"मग काय आहे? वय म्हणतेस? वयाची अट काढली म्हणून सगळ्यात आधी नाचलं कोण? मीच ना? मी तुला खूप खूप आनंदाने सांगायला आले होते वहिनी, आजही आणि त्या दिवशीही. खोटं नव्हतं ते." तिचा आवाज चिरकला. "पण मला राग आलाय. तुझा नाही. कुणाचा ते मलाच माहीत नाही. येऊ दे की जरा. दोन दिवस मला मोठ्या मनाची व्हायला सांगू नकोस."

थोरलीने हात पुढे केला, आणि मागे घेतला. "बरं," ती म्हणाली. "नाही सांगत." आणि वॉर्डात परत गेली.

घरात पेढ्यासारखी बातमी आणि कडू तोंडं, दोन्ही एकाच वेळी नांदली. धाकटी जेवायची, कामावर जायची, खोलीचं दार लावून घ्यायची. नवरा दोन्ही दारांपुढून पाय न वाजवता जायचा. सासूबाईंनी लेकीची समजूत काढली नाही आणि सुनेला शाबासकीही दिली नाही. एका दुपारी मात्र थोरली सामानाची बांधाबांध न करता नुसती बसलेली दिसली, तेव्हा त्या तिच्याजवळ येऊन बसल्या.

"ती रागावलीय कारण तिला जायचं होतं," त्या म्हणाल्या. "तिला जायचं नसतं आणि ती हसली असती, तर मला जास्त वाईट वाटलं असतं. तू थांबलीस तर तिचा राग फुकट जाईल. बॅग भर."

"आणि तुमचं औषधपाणी? घर?"

"घराला काय झालंय? तुझ्या नवऱ्याला भात येतो. थोडा लगदा होतो, पण मला दात तरी कुठे आहेत?"

त्या संध्याकाळी धाकटीचं दार उघडलं. ती थोरलीच्या खोलीत आली, पसरलेल्या कपड्यांकडे बघून कपाळावर आठ्या घातल्या आणि म्हणाली, "वसतिगृहात एवढे कपडे? तू शिकायला चाललीयस की नांदायला?" खाली बसून तिने अर्धे कपडे बाजूला काढले. मग संख्याशास्त्राचं पुस्तक आणलं आणि बॅगेत मधोमध ठेवलं. "जपून वापर. परत आणायचं आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा बसणार आहे, आणि त्या खेपेला शिकवायला कुणी नसणार, म्हणजे माझाच नंबर वर."

"शिकवणारी तूच होतीस गं."

"तेच तर चुकलं," धाकटी म्हणाली, आणि दोघींच्या घशातून एकदम काहीतरी बाहेर पडलं. ते हसू होतं की रडू, ते सासूबाईंना दुसऱ्या खोलीतून ओळखता आलं नाही.

निघायच्या दिवशी सगळे बसथांब्यावर आले. थांबा हॉस्पिटलच्या समोरच होता. धाकटी युनिफॉर्ममध्येच होती. मेट्रनबाईंनी थोरलीचा वॉर्ड तिच्याकडे दिला होता आणि आज तिचा पहिला दिवस होता. नवऱ्याने बॅग वर चढवली, खाली उतरला, पुन्हा चढून ती नीट बसलीय का ते बघून आला. सासूबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवला. पहिल्या दिवशी शाळेत जाणाऱ्या मुलीसारखी थोरली सारखी तिकीट तपासत होती.

"कोपऱ्यातल्या खाटेवरच्या मावशी सुई टोचताना हात झटकतात," ती धाकटीला म्हणाली. "आधी त्यांच्या नातीबद्दल विचार. मग देतात हात."

"बरं."

"आणि..."

"वहिनी, बस सुटेल. जा."

बस हलली. थोरलीने खिडकीतून मागे वळून पाहिलं. नवरा दोन्ही हात हलवत होता, सासूबाईंचा एक हात वर होता. धाकटी त्यांच्याजवळ नव्हती. ती रस्ता ओलांडून हॉस्पिटलच्या फाटकापाशी पोचली होती, रस्त्याकडे पाठ करून. एक म्हातारा माणूस हातात पिशवी आणि चिठ्ठी घेऊन तिथे गोंधळून उभा होता. त्याने तिला अडवून काहीतरी विचारलं. धाकटीने मनगटाने डोळे पुसले, चिठ्ठी वाचली, त्याच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली आणि त्याच्या पावलाला पाऊल लावत, सावकाश, त्याला आत घेऊन गेली.